चार फुटांची गोधडी

"अवो, सुई हाय ती. बेरिंग न्हाई ठोकून बसवायला," बायडाबाई खाटेवरून म्हणाली.

रंगनाथ मिस्तरींनी सुई ठोकली नव्हती, फक्त पक्कडीनं ओढली होती. कापडाचे पाच थर, अंगुस्तान बायकोच्या बोटाच्या मापाचं आणि मिस्तरींचं बोट चाळीस वर्षं मोटारींत तांब्याची तार भरून जाड झालेलं. राहात्याच्या बाजारपेठेमागं त्यांचं रिवायंडिंगचं दुकान होतं. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींच्या जळक्या मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या, त्यातल्या काही दोनदा. मग गुडघे बोलू लागले आणि गेल्या दिवाळीत त्यांनी दुकानाचं शटर खाली ओढलं. तेव्हापासून ते घरात होते. घराला याचा त्रास होत होता. तिन्ही पंखे उतरवून पुन्हा बसवून झाले. नळाच्या चकत्या बदलून झाल्या. चालू मिक्सर दुरुस्त करून त्यांनी तो बंद पाडला. आता त्यांच्या मांडीवर बारा इंच रुंद आणि चार फूट लांब असा कापडाचा पट्टा होता.

"पक्कड ठिवा खाली."

"मग ओढू कशानं?"

"मी काय दातानं वढत हुते?"

बायडाबाईनं सवयीनं उजवा हात पुढं केला. तो तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, त्यामुळं नुसता पुढं झाला आणि परत आला. नऊ दिवसांपूर्वी ती धुण्याच्या दगडावरून घसरली होती. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. बसून राहणं तिला मिस्तरींपेक्षाही कमी जमत होतं. ती खाटेवरून उठायची, दारापर्यंत जायची, काहीतरी करायचं म्हणून डावा हात उचलायची आणि काय करायचं ते न आठवल्यामुळं परत येऊन बसायची.

या सगळ्याचं मूळ सोमवारी मिस्तरींच्या मोबाईलवर आलेल्या एका फोटोत होतं. फोटोत जेवणाचं लांब टेबल होतं आणि त्याच्या मधोमध एक शिवलेला पट्टा अंथरला होता. खाली पोरीनं लिहिलं होतं, 'आण्णा, आईला विचारा, असं जमेल का. रविवारी नव्या घरी माणसं येणार आहेत. नाही जमलं तरी चालेल.'

पोरगी म्हणजे स्नेहल. दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्यात आदिनाथशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला होता आणि जात वेगळी होती. या दोन गोष्टींपैकी घरात फक्त दुसरी बोलली गेली. पोरीला सासरी धाडताना आईनं आपल्या हातची गोधडी द्यायची, अशी इथली रीत. बायडाबाईनं स्नेहलसाठी ती शिवून ठेवली होती. लग्नाची बातमी आली त्या दिवशी ती उचलली आणि शेजारच्या भागूबाईच्या कालवडीच्या अंगावर टाकली. त्या थंडीत राहाता तालुक्यात त्या कालवडीइतकं सुखी जनावर नव्हतं. "माझ्या हातचा एक टाका तिच्या घरात जानार न्हाई," असं बायडाबाईनं भागूबाईसमोर सांगितलं. भागूबाईसमोर सांगितलं म्हणजे ते जाहीर झालं. त्यानंतर आईलेकी बोलल्या नाहीत. स्नेहल फोन करायची तो मिस्तरींना. मिस्तरी जोरात बोलायचे, म्हणजे बायकोला वेगळं सांगायला नको.

फोटो पाहून मिस्तरी म्हणाले होते, "टेबल झाकायचं तर समदं झाकावं. ह्यो नुसता मधनं पट्टा कशापायी? ऑपरेशन झाल्यागत दिसतंय."

बायडाबाई बराच वेळ मोबाईलकडं बघत होती. "गोधडी मागायला जीभ रेटली न्हाई तिची. म्हनून पट्टा मागितला."

"मग कळवू का, हात मोडलाय म्हनून?"

"अजिबात न्हाई."

"अगं, पन..."

"हात मोडलाय कळल्यावर ती पळत येईल. मग मी तिला माफ केलं का प्लास्टरनं केलं, त्ये कुनाला कळनार? दोन वर्सांनी तिनं काय तर मागितलंय. त्ये आदी तिच्या घरात जाऊ द्या."

"शिवनार कोन?"

बायडाबाईनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. एका मोटारीत तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे न मोजता बरोबर घालणारे हात होते ते. त्यांना सध्या दुसरं काम नव्हतं आणि मिक्सर तर बंदच होता.

फोटोतला पट्टा राखाडी होता. "राखाडी लुगडं माझ्याकडं कुटनं आसंल? मी काय तुरुंगात हुते?" असं म्हणून तिनं पेटीतून एक हिरवी आणि एक आमसुली साडी काढायला लावली. बुधवारी तिच्या देखरेखीखाली मिस्तरींनी कापड बेतलं, थर एकावर एक घातले आणि ते हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घातले. इंचपट्टी त्यांनी दुकानातली वापरली. कापताना फरक फार तर अर्ध्या मिलिमीटरचा पडला असेल. तेवढ्यानंही त्यांना चैन पडलं नाही, म्हणून ते कापड परत कापायला निघाले होते. बायडाबाईनं कात्री डाव्या हातानं उचलून स्वतःच्या पाठीमागं ठेवली.

गुरुवारी तिला प्लास्टर दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. भागूबाई सोबतीला होती. निघताना बायडाबाई सांगून गेली, "मी येईस्तवर नुसता धावदोरा धरा. पान्याची मोटार बघायला उठू नगा."

मिस्तरी उठले नाहीत. दिवाळीपासून पहिल्यांदाच उठावंसं वाटलं नाही. सुईची लय सापडली. चार टाके सुईवर घ्यायचे, ओढायचे, पुढं सरकायचं. टाका तांदळाएवढा, दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. दुपारचे दोन वाजले, भाकरी तशीच राहिली. रिक्षा दारात थांबली तेव्हा त्यांचा शेवटचा फेरा कडेला पोचला होता.

भागूबाई आधी आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. "मिस्तरी, माजी बी एक पिशवी उसवलीया. नंबर लावून ठिवू का?"

"ठिवा. ॲडव्हान्स लागंल."

"बायडे, नशीब काढलंस गं तू. आमचा मानूस शर्टाचं बटन लावायचं तर शर्ट बदलतो."

बायडाबाई हसली नाही. तिनं पट्टा उचलून उलटा केला. गोधडी बघणारी बाई आधी मागची बाजू बघते. टाके मशीनवर घातल्यासारखे सारखे होते. तिचं बोट मधल्या गाठीवर थांबलं.

"सुरुवात कुटनं केलीसा?"

"मधनं."

"मधनं?"

"आदी आतलं ल्हान वेटाळं, मग त्याच्या भाईरचं मोठं. मोटारीला तसंच भरत्यात."

"ही मोटार हाय का?"

मिस्तरींनी पट्ट्याकडं असं पाहिलं, की जणू ही शंका त्यांना आत्ताच आली.

"गोधडी भाईरनं आत येती," बायडाबाई म्हणाली. "आदी कड धरायची. मग फिरत फिरत मधी यायचं आन् मधी संपवायचं. पोर सुद्दा सांगंल."

"फरक काय पडतो? टाके तेवढेच."

तिनं पट्टा जमिनीवर अंथरला. फरक दिसत होता. आतून बाहेर शिवत आल्यामुळं सगळं ढिलं कापड कडेकडेला सरकलं होतं. चारी कडा वरखाली झाल्या होत्या, जमिनीला टेकतच नव्हत्या.

भागूबाई उंबऱ्यातूनच म्हणाली, "पान्यावर लाटा आल्यागत झालंय," आणि बायडाबाईचा चेहरा बघून त्या घरातून पहिल्यांदाच चहा न घेता गेली.

"उसवू का?" मिस्तरींनी विचारलं.

"आन् शिवनार कवा? उंद्या सकाळी कुरिअर गेलं तर शनिवारी पोचंल. न्हाईतर मंग सोमवारी मिळंल."

ती खाटेवर बसली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. मिस्तरींना काहीतरी बोलणं भाग होतं. अडतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं अनेकदा सांत्वन केलं होतं आणि त्यातलं एकही उपयोगी पडलं नव्हतं. तरी ते म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. तू म्हनली हुतीस ना, तुज्या हातचा एक टाका तिच्या घरात जानार न्हाई. आता समदे टाके माजे हायेत. तुजा शब्द ऱ्हायला."

मिस्तरींनी पक्कड उचलून खिशात घातली, परत काढून खाली ठेवली.

"सुई ओवा," ती म्हणाली.

"आता?"

"ओवा म्हन्ते ना."

त्यांनी सुई ओवून दिली. तिनं ती डाव्या हातात धरली. पट्ट्याचा एक कोपरा गुडघ्याखाली दाबला. पहिल्यांदा सुई घसरली, दुसऱ्यांदा तिच्याच प्लास्टरमध्ये रुतली. मिस्तरी मदतीला वाकले, तिनं कोपरानं बाजूला केलं. तिसऱ्यांदा सुई पाचही थरांतून खाली गेली आणि बऱ्याच वेळानं वर आली. टाका गव्हाएवढा मोठा पडला होता आणि मिस्तरींच्या सरळ रांगांच्या शेवटी उलट्या बाजूला झुकला होता.

"अजून घालतीस?"

"एकच."

त्यांनी गाठ मारली. शुक्रवारी कुरिअरचं दुकान उघडायच्या आत ते कुरिअरवाल्याच्या दारात उभे होते. "आत काय हाय?" त्यानं विचारलं. मिस्तरींनी "कापड" म्हणून सांगितलं. ते नाजूक आहे का, असं त्यानं पुढं विचारलं, तेव्हा त्यांनी पाकीट परत उचलून हातात तोललं.

शनिवारी फोन आला नाही. रविवारी सकाळपासून बायडाबाईनं तीनदा विचारलं, "मोबाईल चालू हाय ना?" मिस्तरींनी तो दोनदा बंद करून चालू केला, खात्री म्हणून. दुपारी चारला वाजला. व्हिडिओ कॉल होता. मिस्तरींनी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. बायडाबाई उठून जाईल असं त्यांना वाटलं होतं. ती गेली नाही. पदराखाली हात घेऊन त्यांच्याशेजारी बसली, थोडी पडद्याच्या बाहेर.

स्नेहल हसत होती. मागून आदिनाथनं नमस्कार केला आणि समजूतदारपणे तो दिसेनासा झाला.

"माणसं आत्ताच गेली. सगळ्या जणी विचारत होत्या, कुठून आणलं म्हणून." तिनं फोन फिरवला. टेबलावर हिरवा-आमसुली पट्टा होता. दोन कोपऱ्यांवर तिनं पाण्याचे तांबे ठेवले होते.

"कडंला जरासं..." मिस्तरींनी सुरुवात केली.

"हो." स्नेहलनं एक तांब्या उचलला, पट्टा उलटा केला आणि बोट फिरवू लागली. हसू कमी झालं. "आण्णा, हे तुम्ही शिवलंय."

"कशावरनं?"

"दोरा मधून सुरू झालाय. आईचा मध्ये संपतो."

मिस्तरींनी बायकोकडं पाहिलं.

"आणि कोपऱ्यातला हा एक तेवढा आईचा आहे." तिचं बोट तिथंच होतं. "पण डाव्या हातानं घातल्यासारखा उलटा झुकलाय. आई तिथं आहे ना? आई, उजवा हात दाखव."

"कशाला?" बायडाबाई म्हणाली. दोन वर्षांत लेकीशी बोललेला तो तिचा पहिला शब्द होता. तोही चुकीचा निघाला, म्हणून तिनं पुढं काही जोडलं नाही आणि पदराखालून हात काढला.

स्नेहलचा चेहरा पडद्याच्या जवळ आला.

"कधी?"

"झालं तेरा दिस."

"आणि मला कुणी..."

"मोडलाय. तुटला न्हाई," बायडाबाई म्हणाली. "येवडं काय त्यात."

तेवढ्यात मोबाईल डब्यावरून घसरला आणि उताणा पडला. मिस्तरी उचलायला पुढं झाले. बायडाबाईनं डाव्या हातानं त्यांना अडवलं. पलीकडूनही फोन ठेवला गेला असावा, कारण पडद्यावर आता फक्त नव्या घराचं पांढरं छत होतं. स्नेहलला इकडचे पत्रे दिसत असणार.

"भाकरी कोण करतं?"

"ह्येच करत्यात. खाते आपली."

"आणि वेणी?"

"भागूबाई घालती. घट्ट घालती लई."

मिस्तरी हळूच उठून ओट्यावर जाऊन बसले. आत दोघी बोलत होत्या. मधेच कुणीतरी नाक ओढलं, पण कुणी, ते बाहेरून कळलं नाही. फोन कुणीच सरळ केला नाही.