जियालालच्या जागलीचा पिपा

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही. तुमचा दोष नाही. इतकं खरं ऐकायची सवय हल्ली कोणाला राहिलेली नाही.

मी एक जुना पिपा आहे. पंधरा किलो तेलाचा, पत्र्याचा, एका कुशीला चेपलेला. बोदलकशाच्या तलावाजवळ जियालाल रहांगडाल्यांची धानाची शेती आहे, तिथल्या मचाणाला मी टांगलेला असतो.

माझा जन्म गोंदियाचा. माझ्यातलं तेल जियालालच्या मुलाच्या, खुमेंद्रच्या, लग्नातल्या पुऱ्यांना लागलं. त्या पुऱ्या अशा फुगल्या की चार-दोन मांडवाबाहेर उडाल्या आणि घारींनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. असो.

तेल संपलं तेव्हा जियालालने मला मचाणाला टांगलं आणि हातात दांडका घेतला. धान लोंबीवर आलं की आमच्याकडे जागल करतात, म्हणजे रानडुकरांवर पहारा. माझ्यावर एक दांडका पडला की डुकरं जी सुटत, ती देवरीच्या जंगलात जाऊनच थांबत आणि पाय दुखतात म्हणून बसने परत येत. एकदा वाघ आला होता. बिचारा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून दोन्ही पंजे कानांवर ठेवून राहिला. सौंदडच्या स्टेशनावर माझा आवाज ऐकून लोक गाडी आली समजून उठत.

पण जागलीत बडवणं थोडं आणि बघणं फार. डुक्कर जंगलाच्या कडेला दिसलं म्हणून जियालाल कधी मचाणावरून उडी टाकून त्याच्या मागे धावला नाही. धावला असता तर डुकराआधी त्यानेच धान तुडवलं असतं. तो बघत राही. डुकराने बांधीत, धानाच्या खाचरात, पाय टाकला की मग दणका.

पुढे खुमेंद्रने कुंपणाला झटका मशीन लावली. माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली. थोरांचे दिवस असेच फिरतात.

त्याच सुमारास जियालालला सारखी लघवी लागू लागली. धुऱ्यावरच्या पळसाला इतकं पाणी मिळालं की तो वर्षातून दोनदा फुलला. मग रक्त तपासलं, नागपूरला सुईने तुकडे काढून पाहिले. पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखाली मोठ्या सुपारीएवढी एक ग्रंथी असते, तिला प्रोस्टेट म्हणतात. ती वयाने फुगली होतीच, पण तिच्यात बारीकसा कॅन्सरही निघाला.

नागपूरहून आल्यावर घरच्यांची जी बैठक झाली ती माझ्याखालीच, दुपारच्या भाकरीला.

"डॉक्टर म्हणते, आता कापाचं नाही," जियालाल म्हणाला. "लहान हाय, सुस्त हाय. सहा-सहा महिन्यांनी रक्त पाहाचं, मधी मधी एमआरआय, लागला त परत तुकडा. वाढून राहिला असं दिसलं का मंग इलाज."

खुमेंद्रच्या हातातला घास हातातच राहिला. "बाबूजी, घरात साप निंगाला त त्याले मारतेत का पाहात बसतेत?"

"धामण हाय का नाग, हे त आंधी पाहातेत ना बे."

"आन् पाहता पाहता डसला त?"

"म्हणून त पाहाचं."

"कापूनच टाका जी," जियालालची बायको सुखवंता म्हणाली. "मले झोप नाही लागत."

"कापला त लघवी टपकत राहू शकते म्हणते. आजून बी एक गोष्ट सांगतली त्यानं. ते तुले घरी सांगीन."

खुमेंद्र एकदम धानाकडे पाहू लागला.

जियालालने हात धुतले. "डुक्कर कडेले हाय, खुमेंद्र. बांधीत नाही आला आजून. मी जागल करतो."

"करा," सुखवंता म्हणाली. "पण जागल्या झोपला त पिपा मी वाजवीन."

मग काय, सारं गावच जागलीला बसलं. जियालाल झुडपामागे गेला की रस्त्यावरून जाणारा सायकल थांबवून विचारी, "मोकळी झाली ना भाऊ?"

पहिल्या तपासण्यांना जियालाल शहाण्यासारखा गेला. या खेपेची तारीख नेमकी रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, आली, आणि तो चिखलात उभा राहून म्हणाला, "मी बरा हावो. कायले जावू? रोवणी काय डॉक्टर करन?"

सुखवंता तडक निघाली. मचाणावर चढली, माझ्यातली अंडी काढून पदरात घेतली आणि मला असं बडवलं की तलावातल्या मासोळ्या काठावर येऊन काय झालं म्हणून विचारू लागल्या.

रोवणाऱ्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "का झालं वो?" शकुंतलाबाईने विचारलं. "डुक्कर घुसला का?"

"नाही. जागल्या झोपला."

शकुंतलाबाईने हातातली रोपांची पेंडी बांधीत ठेवली. तिच्या मागे सगळ्यांनी ठेवल्या. "जा जी भाऊ. तुमी जात नाही तवरी आमी रोवत नाही."

जियालाल धुऱ्यावर येऊन पाय धुऊ लागला. पाय स्वच्छ झाले तरी धूतच राहिला. मग हळूच म्हणाला, "खुमेंद्रची माय, वाढला असन त?"

"त वाढला असन. दिसन तरी," सुखवंता म्हणाली. "चाला. मी हावो ना संगं."

मित्रांनो, नजर ठेवणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. तुमच्या घरातलं कोणी म्हातारं माणूस 'मी बरा आहे' म्हणत तपासणी टाळत असेल तर त्याच्या कानाशी पिपा वाजवा. आणि जुन्या पिप्यांची जरा कदर करा. कोंबड्यांना दुसरी जागा पुष्कळ असते.

आता शेवट ऐका. नागपूरला रिपोर्ट आला. तिळभर वाढ नाही. डॉक्टर खुर्चीवरून उठला, सुखवंताच्या पाया पडला आणि म्हणाला, असा पिपा आमच्या दवाखान्याला...

"झूट," मचाणाखाली बसलेली जियालालची नात खुशी म्हणाली. "आजीचा आत्ताच फोन आलता नागपूरवरून. रिपोर्ट उद्या भेटणार हाय."