धुराडं कुठल्या हाताला

माझ्या धाकट्या दिराला दुसऱ्याचं सुधारून द्यायची खोड आहे. भिंतीवर सरळ टांगलेली तसबीर हा बोट लावून तिरकी करणार आणि वर म्हणणार, "आता कशी सरळ झाली!" चमचा कसा धरावा हे मला शिकवणार. मी लग्न होऊन आले तेव्हा हा सहा वर्षांचा होता आणि त्याच चमच्याने मी त्याला भरवत होते. तोंडावर मी त्याला कायम भाऊजी म्हणत आले, अहोजाहो करत आले. घराची रीत. मनात काय म्हणते ते आज कागदावर उतरवते.

आमचा फोटो स्टुडिओ माझ्या नवऱ्याने उभा केला. ते गेल्यावर पुढच्या खोलीत खुर्ची टाकून हा बसला, आयत्या बिळावर नागोबा. मी मागे डार्करूममध्ये. माझी शाळा चौथीत सुटली, पण लाल दिव्याखाली मी तीस वर्षं काढली आहेत. नवऱ्याने आम्हा दोघांना एकच धडा पहिल्या दिवशी दिला होता: निगेटिव्हची चकचकीत बाजू वर, मंद बाजू खाली. उलटी लावली तर डाव्याचं उजवं होतं, आणि गिऱ्हाईक स्वतःच्या गालावरचा तीळ शोधत बसतं.

रोल छत्तीस फोटोंचा. गिऱ्हाइकांना घाई, म्हणून तीस-बत्तिसावर रोल धुवायला काढायचा. उरलेल्या चार-सहांना आम्ही रोलचं शेपूट म्हणतो. भाऊजी ते शेपूट खुर्चीतून न उठता, पंख्याकडे कॅमेरा धरून संपवायचे. आमच्या घरात पंख्याचे जितके फोटो आहेत, तितके माझ्या लग्नाचेही नाहीत.

एकदा त्याची मान आखडली. म्हणाला, "वहिनी, तेवढं शेपूट संपवा. बटण दाबता येतं ना?"

मी कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. समोर गावाचे दोन डोंगर. एकावर पाण्याची टाकी, दुसऱ्यावर बंद पडलेल्या भट्टीचं धुराडं. जन्मभर पाहिलेले. पण त्या दिवशी डार्करूममध्ये, रसायनाच्या ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर आधी धुराडं उगवलं, मग त्याच्यामागे हळूहळू आभाळ, आणि माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. कागद काळा पडेपर्यंत मी बघत राहिले. तीस वर्षांत माझ्या हातून वाया गेलेला तो पहिला कागद.

तेव्हापासून सगळी शेपटं माझी. आधी गच्ची, मग रस्ता, मग डोंगरांच्या पलीकडची दगडाची खाण. खाण बंद आहे, तिच्यात पाणी साठलंय. उजाडायच्या आत निघायचं, कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर, गुडघ्यांना शिव्या देत. माणसाला "हनुवटी वर करा" म्हणता येतं. डोंगराला काय म्हणणार? आपणच सरकायचं, वाकायचं, वारा पडायची वाट बघायची. या वयात मला कोणाची वाट बघावीशी वाटली, तर ती त्या उजेडाची.

दिराला चेष्टेला विषय मिळाला. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "आमच्या वहिनी डोंगराचे फोटो काढतात. डोंगराला पासपोर्ट हवाय!"

"काढून देईन," मी म्हणायची. "तो निदान डोळे तरी मिटत नाही."

हसण्यावारी न्यायची मी. मग पालिकेने जाहीर केलं, की गावाच्या नव्या कॅलेंडरवर गावातल्याच कोणाचा तरी फोटो छापणार, खाली काढणाऱ्याचं नाव. मला ते नाव हवं होतं. लपवत नाही. माझं नाव आजवर फक्त रेशन कार्डावर छापलं गेलंय, तेही चुकीचं. खाणीच्या काठावरून काढलेला एक फोटो माझ्याकडे होता. खाली पाणी, मागे दोन्ही डोंगर, आणि धुराड्याच्या टोकाला नुकताच लागलेला उजेड. त्याची लहान प्रत आणि निगेटिव्हची पट्टी मी दिराच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "भाऊजी, याची मोठी प्रत करून पालिकेत द्या. मोठं मशीन तुमच्याच हाताखाली आहे."

"बघतो," म्हणाला.

आठ दिवसांनी मोठी प्रत माझ्याकडे आली, सोबत लहान प्रत आणि पट्टीही परत. धुळीमुळे प्रतीवर पडलेले पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायचं काम माझंच असतं. प्रत पालथी केली तर मागे शिक्का. दिराचं नाव, दिराची सही. मग प्रत सुलटी केली.

धुराडं डावीकडे होतं.

गावातून बघितलं तर धुराडं डावीकडेच दिसतं, टाकी उजवीकडे. पण मी उभी होते पलीकडे, खाणीच्या काठावर. तिथून सगळं फिरतं. धुराडं उजव्या हाताला, टाकी डाव्या. हा जन्मात खाणीवर गेला नव्हता. माझी लहान प्रत बघून याला वाटलं असणार, चौथी शिकलेली बाई, निगेटिव्ह उलटी लावलीय. म्हणून यानं ती सुधारली. मंद बाजू वर करून.

मी सांगू शकले असते. पुढची खोली दहा पावलांवर होती. त्याऐवजी मी ब्रश भिजवला आणि एकेक ठिपका असा भरला, की भिंग लावून सापडू नये. चांगली चौकट निवडली. काच पुसली. म्हटलं, जा बाळा, चांगल्या ठिकाणी लाग.

"वहिनी, छान झालंय काम," तो म्हणाला. माझ्या डोळ्याकडे मात्र बघेना.

"तुमचीच कृपा, भाऊजी."

फोटो निवडला गेला. पालिकेच्या हॉलमध्ये मोठा करून लावला. खुर्च्या भरल्या, पालिकेच्या अधिकारी बाईंनी कौतुक केलं आणि दिराला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो नवा कोट घालून आला होता. पहाटेची थंडी, निसरडा काठ, उजेडाची तपश्चर्या, सगळं सांगितलं त्याने. उंटावरून शेळ्या कशा हाकतात ते मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं. टाळ्याही वाजवल्या. मग उभी राहिले.

"भाऊजी, एक विचारू? उभं कुठे राहिला होतात?"

"खाणीच्या काठावर. आताच सांगितलं ना, वहिनी."

"तिथून धुराडं कुठल्या हाताला होतं?"

तो हसला. लोकांकडे बघून म्हणाला, "डाव्या! फोटोत दिसतंय की. वहिनींना चष्मा घ्यायला हवा."

लोक हसले. मागच्या रांगेत खाणीचा म्हातारा मुकादम बसला होता. चाळीस वर्षं त्याने तिथे दगड फोडून घेतले होते. तो मात्र हसला नाही. खुर्चीवरूनच ओरडला, "अहो, डाव्या कसं? काठावर उभं राहिलं की टाकी डावीकडं. धुराडं उजवीकडं. तुम्ही काय पाण्यात उलटं टांगून घेतलं होतं का स्वतःला?"

आता जे हसू उठलं ते वेगळं होतं. मी पिशवीतून माझी लहान प्रत काढली आणि निगेटिव्हची पट्टी. दोन्ही अधिकारी बाईंच्या हातात दिल्या. "चकचकीत बाजू वर धरून बघा," म्हटलं. त्यांनी पट्टी खिडकीसमोर धरली, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं. मग दिराकडे पाहिलं. त्यांना पुढे काही विचारावं लागलं नाही. टेबलावरच्या कागदावर त्यांनी त्याच्या नावावर रेघ ओढली आणि मला म्हणाल्या, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. एकेक अक्षर, सावकाश. काना-मात्रासुद्धा.

दीर माझ्याजवळ आला. कोटाच्या आत घामाने भिजला होता. हळूच म्हणाला, "वहिनी, चारचौघांत कशाला? घरी बोललो असतो."

"चोरी चारचौघांत मिरवलीस ना? मग हेही चारचौघांतच," मी म्हटलं. आवाज मुद्दाम मोठा ठेवला, मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढा. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं आणि जिभेला बरं वाटलं. "फोटो चोरलास, ते मी एक वेळ पोटात घातलं असतं. तुझं नाक पुसलंय, तेवढी घाण आणखी पुसली असती. पण जो डोंगर कधी डोळ्यांनी बघितला नाहीस, तो सुधारायला निघालास! त्याला माफी नाही. उद्यापासून पहाटे तिवई तुझ्या खांद्यावर. मी पुढे, तू मागे. खाणीच्या काठावर उभा राहायचास आणि रोज मोठ्याने सांगायचंस, धुराडं कुठल्या हाताला आहे. आणि कॅमेऱ्याला बोट लावशील तर याद राख."