शुक्रवार मी सोडला नाही

मी एक जुना कालाधिपती आहे. मित्रांनो, वार माझ्या आज्ञेने उजाडतात, महिने माझ्याभोवती फेर धरतात आणि पाऊस मला विचारल्याशिवाय बेटावर पाय ठेवत नाही. निदान चार वर्षांच्या एका मुलीची तशी पक्की समजूत होती आणि मी ती कधी खोडून काढली नाही. बाकीच्या जगाच्या दृष्टीने मी बिस्किटांच्या गोल डब्याचं झाकण आहे.

तो डबा सामोआतल्या कुणाच्या तरी मयताला आहेर म्हणून आला होता. तिथून तो दुसऱ्या मयताला गेला. तिसऱ्या मयताच्या वाटेवर असताना किरिफी आजोबांच्या घरी सगळ्यांना भूक लागली आणि माझा सामाजिक प्रवास संपला. बिस्किटं चहात बुडवून खाल्ली गेली. डब्यात तांदूळ गेले. मी अंगणात पालथा पडून होतो आणि कोंबड्या माझ्यावर चढून गावाकडे बघत होत्या.

किरिफी आजोबा आमच्या गावाचे प्रमुख. सरकारचं म्हणणं गावाला सांगायचं आणि गावाचं म्हणणं स्वतःपाशी ठेवायचं, हे त्यांचं काम. छापील कागदावर त्यांची अपार श्रद्धा होती. त्यांची मुलगी इआनेता पूर्वेच्या बेटावर, पागो पागोला, मासळी डब्यात भरण्याच्या कारखान्यात कामाला होती. विमानाने पस्तीस मिनिटांचा रस्ता. पण सुट्टी मिळायला वर्ष लागायचं. तिची मुलगी लुपे आजीआजोबांकडे वाढत होती.

लुपेला वार येत नव्हते. तिच्या लेखी दोनच वार होते: आई फोन करते तो, आणि करत नाही तो. म्हणून आजोबांनी मला उचललं, कोंबड्यांच्या खुणा घासून काढल्या आणि चर्चच्या दारांना लावून उरलेल्या रंगाने माझे भाग पाडले. कडेने वारांची सात घरं, आत महिन्यांची बारा, मधोमध निळा अर्धा आणि पिवळा अर्धा. निळा म्हणजे पावसाळा, पिवळा म्हणजे कोरडे दिवस. आमच्याकडे ऋतू एवढेच; जास्त ठेवायला जागा नाही. इआनेताने पाठवलेल्या मासळीच्या डब्याचा पत्रा कापून दोन बाण केले. मोठा वाराचा, छोटा महिन्याचा. ऊन तापलं की बाणांना अजून मासळीचा वास यायचा. त्यामुळे घरात काळाची सगळ्यात जास्त ओढ मांजराला होती.

घराला भिंती नाहीत, नुसते खांब. समुद्राकडच्या खांबावर आजोबांनी मला ठोकलं आणि नियम सांगितला. सकाळची प्रार्थना झाली की लुपेने पालथ्या बादलीवर उभं राहून मोठा बाण सरकवायचा. एका सकाळी एकच घर. एकदा तिने बुधवार गाळून थेट गुरुवार गाठला, कारण गुरुवारी पावाची गाडी येते.

"वार म्हणजे आंबे नाहीत, आवडेल तो उचलायला," आजोबा म्हणाले. "चल, सगळे वार म्हण. सात वेळा."

लुपेने सात वेळा म्हटले. पाव तोवर संपला. त्यानंतर तिने एकही घर गाळलं नाही.

महिनेही ती तसेच शिकली. ऑक्टोबरातल्या एका रविवारी मुलं आधी जेवतात आणि मोठी माणसं वाढतात, म्हणून ऑक्टोबर तिला पहिल्यांदा पाठ झाला. नोव्हेंबरात आंबे. जानेवारीत छपरं उडतात. जुलैत काहीच होत नाही, म्हणून जुलै ती कायम विसरायची. माझ्या मते दोष जुलैचा होता.

मधे मला एक प्रतिस्पर्धी आला. अमेरिकेतल्या एका नातलगाने रंगीत तक्ता पाठवला. गुळगुळीत कागद, चार ऋतू, आणि डिसेंबराच्या चौकोनात सगळं पांढरं.

"आजी, हे पांढरं काय पडलंय?" लुपेने विचारलं.

फुआतिनो आजीने बर्फ कधी पाहिला नव्हता, पण उत्तर द्यायचं तिने कधी टाळलं नाही. "नारळाचा कीस असेल."

"एवढा?" आजोबा म्हणाले. "घरावर, झाडावर?"

"अमेरिका आहे ती. त्यांच्याकडे खवणारी यंत्रं असतात."

लोक येऊन त्या तक्त्याचं कौतुक करायचे, मला हात पुसायचे. पावसाळा आला. ओल चढली, कडा सुटल्या, आणि तो चार ऋतूंचा तक्ता आमच्या एकाच ऋतूत सोलून निघाला.

आता त्या डिसेंबराकडे येतो. लुपेचा वाढदिवस तीस तारखेला. त्या दिवशी तिला पाच वर्षं पूर्ण होणार होती. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका येता-जाता सांगून गेल्या होत्या, "वर्षअखेर पाच पूर्ण असतील तरच पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी." आणि आईने फोनवर सांगितलं होतं, "शुक्रवारी येते. तीस तारखेला. या वेळी नक्की." मागच्या वर्षीही तिने नक्की म्हटलं होतं. तेव्हा लुपेला शुक्रवार कुठे असतो ते माहीत नव्हतं, त्यामुळे तिची फारशी फसवणूक झाली नाही. या वेळी तिला माहीत होतं. ती रोज माझ्यावर बोट ठेवून घरं मोजायची.

त्याच वर्षी सरकारने शुक्रवार रद्द केला.

कारण रास्त होतं. न्यूझीलंडात सोमवार असला की आमच्याकडे रविवार. ते दुकान उघडून बसलेले आणि आम्ही चर्चमध्ये. धंदा कसा व्हायचा? म्हणून ठरलं की समुद्रात जिथे तारीख बदलते त्या रेघेच्या पलीकडे देशाने उडी मारायची. एकोणतीस डिसेंबर, गुरुवार. लगेच एकतीस डिसेंबर, शनिवार. पागो पागो वेगळ्या सरकारचं, ते रेघेच्या जुन्या बाजूलाच राहणार.

आजोबांनी बैठकीत कागद वाचून दाखवला. "शुक्रवार होणार नाही."

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "दर आठवड्याला?"

आजोबांनी कागद उलटून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. "पुढच्या आदेशापर्यंत," ते म्हणाले. गाव दोन दिवस त्या समजुतीत होतं. शेवटी रेडिओने खुलासा केला.

मोठ्यांना गंमत वाटली. लुपेला शेजारच्या लोसाने कुंपणावरून हाक मारली.

"काय गं लुपे, तुझा वाढदिवस सरकारने नेला म्हणे. आता चारचीच राहणार तू."

लुपे धावत आजोबांकडे आली. आजोबांनी दुसऱ्या कुठल्याही माणसासारखं "छे गं, थट्टा करते ती" म्हणायला हवं होतं. पण कागदाचा प्रश्न होता. त्यांनी तारीख पुन्हा वाचली. "तीस तारीख नाही, हे खरं आहे," ते म्हणाले.

"मग मी पाच कधी होणार?"

"त्याबद्दल सूचना आलेली नाही."

"आणि आई?"

"शुक्रवारी म्हणाली ना? शुक्रवार नाही."

"काय हो सरकार," आजी चुलीपासून म्हणाली, "पोरगी झाली त्या दिवशी माझ्या हातात झाली. तो दिवस होता. मी पाहिलाय."

"मी काय करू? आदेश आहे."

"आदेशाला म्हणावं, ये, नाळ काप."

लुपे रडली नाही. ती बादलीवर चढली आणि माझ्या शुक्रवारच्या घरावर तळहात ठेवून उभी राहिली. मित्रांनो, मला बिस्किटं जपण्यासाठी घडवलं होतं आणि त्यात मी अपयशी ठरलो होतो. त्या तळव्याखाली मी ठरवलं: हे मी जपणार.

एकोणतीस तारखेचा गुरुवार संपला आणि दुसरी सकाळ उजाडली. गावाच्या लेखी शनिवार. आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, कारण देशाच्या वतीने बाण दोन घरं सरकवायचा होता. लुपे आधीच बादलीवर होती.

"उतर."

"एका सकाळी एकच घर. तुम्हीच सांगितलंत."

"ते सरकारने बदललं."

"सरकारने घर गाळलं ना? मग सरकारने सात वेळा म्हटलं का?"

आजोबांनी तिला अलगद उचलून खाली ठेवलं आणि बाणाला अंगठा लावला. बाण गुरुवार सोडून शुक्रवारवर आला. आणि तिथे मी अडलो. आजोबांनी जोर केला. मी हललो नाही. ज्या देशाने अख्खा दिवस गिळला होता त्याच्यापुढे एक झाकण उभं ठाकलं होतं. त्यांनी आणखी जोर केला. बाणाचं टोक वाकलं.

"मोडा, मोडा," आजी म्हणाली. "तिच्या आईने भरलेल्या डब्याचा आहे तो. आली की सांगा तिला, सरकारी कामात मोडला."

आजोबांनी हात काढला. शर्टाची वरची गुंडी सोडली आणि चटईवर बसले. लुपे पुन्हा बादलीवर चढली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. आजीने बोलावलं, तिने ऐकलं नाही. ब्रेडफ्रूट भाजून ठेवलं, तिने खाल्लं नाही. लोसा कुंपणावरून काहीतरी म्हणायला आली आणि न म्हणताच परत गेली. पहिली बस थांबलीच नाही. दुसऱ्या बसमधून एक कोंबडा आणि त्याचा मालक उतरले.

दहाच्या सुमाराला तिसरी बस आली. तिच्यातून आधी एक खोकं उतरलं, मग इआनेता.

लुपे बादलीसकट पडली. उठून तिने गुडघा पाहिलाही नाही. आईच्या कमरेला मिठी मारून तिने पहिला प्रश्न विचारला, "आज काय वार?"

"अगं, शुक्रवार. सांगितलं नव्हतं का? शुक्रवारी येते म्हणून?"

"इआनेता," आजोबा आतून म्हणाले, "आज शनिवार आहे."

"तुमच्याकडे असेल, बाबा. मी सकाळी निघाले तेव्हा शुक्रवार होता. पस्तीस मिनिटांत कुठे संपतोय? हे बघा तिकीट."

आजोबांनी चष्मा लावला. तिकिटावर छापलं होतं: शुक्रवार, तीस डिसेंबर. छापलेलं होतं, त्यावर शिक्काही होता. त्यांनी ते एकदा वाचलं, मग सरकारी कागद आणून त्याच्या शेजारी ठेवून वाचलं. दोन छापील कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतील अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मग गावप्रमुखाच्या आवाजात त्यांनी निर्णय दिला.

"इआनेताबरोबर शुक्रवार आलेला आहे. तो पाहुणा आहे. आलेल्या पाहुण्याला आपल्याकडे हाकलत नाहीत. तो संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजेपर्यंत राहील."

म्हणून त्या दिवशी कुंपणाबाहेर शनिवार होता आणि आत शुक्रवार. बाहेर लोक रविवारचं जेवण भाजायला दगड तापवत होते. आत लुपे आईच्या खोक्यातून आलेला केक कापत होती आणि आपण पाच झालो हे मांजराला समजावत होती. लोसा केळीच्या पानाखाली काहीतरी झाकून आली आणि कुंपणापाशी थांबली.

"अळूच्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलंय," ती म्हणाली. "पण शनिवारचं आहे. चालेल का?"

"आधी विचार," आजी म्हणाली, "पोरगी कितीची आहे ते."

"पाच, बाई, पाच. हात भाजतोय माझा."

रविवारी सकाळी अडचण झाली. नियमाने बाण शनिवारवर यायला हवा होता आणि गाव पांढरे कपडे घालून चर्चला निघालं होतं. "आपलं भांडण सरकारशी आहे, देवाशी नाही," आजी म्हणाली. "त्यांनी शुक्रवार खाल्ला, आपण शनिवार खाऊ." आजोबांनी कोंबडीच्या पिसाने माझ्या खिळ्याला खोबरेल लावलं आणि बाण दोन घरं पुढे गेला. गंज होता, असं आजोबा म्हणाले. गंज होता हे मी नाकारत नाही. पण तो नेमका कुठल्या घरावर धरायचा, हे कुणी ठरवलं?

लुपेने आजोबांची वाट अडवली. "घर गाळलंत."

गावप्रमुख किरिफी, इस्त्रीच्या शर्टात, बायबल काखेत धरून, खांबापुढे उभे राहिले आणि त्यांनी सगळे वार सात वेळा म्हटले. चर्चला उशीर झाला. पाचव्या फेरीत ते गुरुवार विसरले. तो लुपेने सांगितला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. लुपे शहरात शिकते. तिच्या फोनवर वार आपोआप बदलतो, कुणाचा अंगठा लागत नाही. आजोबा गेले, त्यांच्या मयताला बिस्किटांचे चाळीस डबे आले आणि पुढे गेले. मी त्याच खांबावर आहे. निळा रंग उडाला, पिवळा थोडा आहे. बाण मंगळवारवर धरून बसला आहे, याला मात्र काही तात्त्विक कारण नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे भाऊबंद असं सगळं सांगून झाल्यावर दया मागतात. मी मागणार नाही. मला काचेच्या पेटीत ठेवू नका, माझ्यावर हार घालू नका. घरात वार शिकायचं एखादं पोर असेल तर त्याच्यासाठी एक बादली पालथी घाला आणि माझ्या खिळ्याला खोबरेलाचा थेंब द्या. पुढचं मी बघतो. आणि कुणी वरून कागद घेऊन आलं, की अमुक दिवस नाही, अमुक मूल मोजलं जाणार नाही, तर त्याला आधी सात वेळा म्हणायला लावा.

एक सांगायचं राहिलं. जानेवारीअखेर लुपे शाळेत दाखल झाली. तिकीट पुरावा म्हणून आजोबांनी बरोबर नेलं होतं. मुख्याध्यापिकांनी ते पाहिलं नाही. अर्जात फक्त जन्माचं वर्ष विचारलं होतं.