आधी टाका, मग तुकडा

बाबा गेले आणि त्यांचा कुत्रा माझ्याकडे आला. नाव साहेब, काळीज चिमणीएवढं. मी घरीच कपडे शिवते. मशीन घरघरलं की साहेब पलंगाखाली. आणि माझं मशीन तर दिवसभर चालतं. आठवड्यात साहेबांच्या बरगड्या दिसायला लागल्या.

"महिनाभर बघ," ताई म्हणाली. "नाहीतर माझ्या मैत्रिणीकडे देऊ. उपाशी मारणार आहेस का त्याला?"

मला साहेब जायला नको होते. बाबांची वाट बघणारे या घरात आम्ही दोघंच होतो.

मी उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे केले. तुकडा द्यायचा, साहेब खूश झाले की हळूच टाका मारायचा. तीन दिवसांत साहेब चिकन बघूनच पळायला लागले. मी वैतागून वाटी आपटली, तर आणखी आत गेले.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या. "अहो, चिकन आलं की आता संकट येणार, असं शिकवलंत तुम्ही त्याला. आधी आवाज, मग खाऊ. आणि ओढून बाहेर काढू नका."

इतकी वर्षं शिवतेय, आणि कापड उलटं धरलं होतं.

मग हाताने चाक फिरवून एकच टाका. लगेच पलंगापाशी तुकडा. दुपारचं पिवळं ऊन फरशीवर पसरायचं, धाग्यांची तुसं त्यात तरंगत राहायची. टाका, तुकडा. टाका, तुकडा. मधेच माझा डोळा लागायचा आणि बाबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचताहेत असं वाटायचं. जाग आली की पलंगाखालून काळं नाक बाहेर आलेलं असायचं. पुढच्या आठवड्यात पंजे. मग अर्धे साहेब. मी हळूहळू पायडलवर आले.

महिना भरला. ताई गाडीत जुनी चादर अंथरूनच आली.

"चालव बघू."

माझा पाय पायडलवर तसाच राहिला. साहेब पळाले तर सगळंच संपलं.

तेवढ्यात साहेब पलंगाखालून निघाले, सावकाश खोली ओलांडून आले आणि माझ्या पायाला नाकाने ढोसलं. थांबले. परत ढोसलं.

मी पायडल दाबलं. शिवण सगळी वाकडी गेली, कारण मला सुई दिसत नव्हती. ताई खाली गेली, गाडीतली चादर घेऊन आली आणि मशीनखाली अंथरली.