सुगरणीचे पान

भिकुबाई वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा बिगरीच्या मुली पाटीवर 'ग' गिरवत होत्या. तिच्या हातात विळा होता, पायांना शेतातला चिखल. तिने वर्गभर नजर फिरवली आणि विचारले, "बाई, मनी भागा आठे नही का?"

वच्छलाबाईंनी हजेरीपट पाहिला. भागाच्या नावापुढे त्यांनी सकाळीच गैरहजेरीची खूण केली होती. भादव्यात निम्म्या मुली निंदणीला जात, म्हणून त्यांना त्याचे विशेष वाटले नव्हते. पण भिकुबाई सांगत होती की आपली पोर दिवस उगवताच पाटीची पिशवी घेऊन निघाली. मेहरूण गावाहून येणाऱ्या बाकीच्या मुलींसाठी ती थांबलीसुद्धा नाही.

काल आपण काय बोललो ते वच्छलाबाईंना आठवले.

त्या वर्षी, म्हणजे छत्तीस साली, शाळेला पहिल्यांदाच चित्रांची पुस्तके घ्यायची मंजुरी मिळाली होती. चौदा वर्षे बिगरी त्याच सांभाळत असल्यामुळे निवडही त्यांच्याकडेच आली. देवादिकांची पुस्तके घ्या, मुलींना वळण लागते, असे मुख्याध्यापिका सुमनबाईंनी सुचवले होते. लहानपणीच विधवा होऊन भावाच्या आश्रयाला राहिलेल्या वच्छलाबाई सहसा कुणाच्या शब्दाबाहेर जात नसत. पण दुकानात त्यांना एक पुस्तक दिसले. इतर पुस्तकांतल्यासारखा त्यात बर्फ नव्हता, आगबोटी नव्हत्या. टिटवी होती, मुंगूस होते, सुगरण होती, आणि प्रत्येक चित्राखाली एक प्रश्न होता, उत्तर कुठेच नव्हते. ही पाखरे-जनावरे आपल्या पोरी रोज बघतात, मग त्यांच्याबद्दल बोलतीलही, असे वाटून त्यांनी तेच घेतले.

काल त्यांनी सुगरणीचे पान उघडले होते. 'घरट्याच्या आत काय असेल?' एरवी भिंतीला टेकून गप्प बसणारी भागा सरकत सरकत पुढे आली आणि पुस्तकावर ओणवी झाली. वच्छलाबाई हसून म्हणाल्या होत्या, मलाही ठाऊक नाही, कुणी पाहिलं तर मला सांगा.

सुगरणीची घरटी विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकतात, हे त्यांना माहीत होते. त्या क्षणी ते सुचले नव्हते.

"भिकुबाई, विहिरी बघायला हव्यात," त्या म्हणाल्या. भिकुबाईच्या हातातला विळा तिथेच पडला.

मेहरूणपर्यंतचा रस्ता वच्छलाबाई जवळजवळ धावल्या. वहाणेचा अंगठा तुटला, तेव्हा वहाणा त्यांनी हातात घेतल्या. भिकुबाईच्या हाकेसरशी शेतांतून माणसे निघाली. भागाचा बाप झुलाल दुसऱ्याच्या शेतात औत हाकत होता. तो बैल तसेच सोडून आला. पहिल्या दोन विहिरींवर झाड नव्हते. तिसरीवर बाभूळ होती आणि तिला नऊ-दहा घरटी लोंबत होती. पावसाने विहीर काठोकाठ भरली होती. पाणी हिरवे, गार, काही न सांगणारे.

कुणीतरी गळ आणला. दोराने तो पाण्यात सोडला, तळाशी फिरवला, वर ओढला. काटेरी फांदी आली. पुन्हा सोडला. फुटका डोल आला. दर वेळी दोर वर येऊ लागला की वच्छलाबाई डोळे मिटून घेत आणि मिटलेले सोसत नाही म्हणून पुन्हा उघडत. चौथ्या खेपेला गळाला पाटीची पिशवी अडकून आली.

भिकुबाई खाली बसली. ती रडली नाही, नुसती पिशवीकडे बघत राहिली. झुलालने डोक्याचे फडके काढले आणि विहिरीत उडी घेतली. तो वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा जायचा. वच्छलाबाईंच्या मनात एकच होते, की आता तो वर येईल तेव्हा त्याच्या हातात काही असू नये.

इतक्यात ज्वारीच्या रानातून राखणदार चुडामण आला. भागाचे मनगट त्याने धरले होते. पोर त्याच्या मचाणाखाली दडून बसली होती. घरट्याकडे वाकताना पिशवी पाण्यात पडली, पाटी गेली, आता मार बसणार, म्हणून ती लपली. आणि एवढी माणसे आपल्या नावाने ओरडत येताना ऐकून, सगळे मारायलाच आले, असे तिला वाटले. तिच्या परकराच्या ओच्यात खाली पडलेले एक घरटे होते.

भिकुबाईने तिला एक थप्पड मारली आणि मग असे आवळून धरले की पोरीला श्वास घेता येईना. झुलाल निथळत वर आला. त्याचे दात वाजत होते.

बायका म्हणू लागल्या, पोर भारी वांड. कोणी वच्छलाबाईंकडे बघतही नव्हते. गप्प राहिल्या असत्या तर गोष्ट तिथेच मिटली असती, नोकरीवरही काही आले नसते. त्या झुलालसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"झुलालभाऊ, तिची चूक नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकातलं चित्र मी दाखवलं. घरट्यात काय असतं ते बघून सांगा, असं मीच म्हणाले."

झुलालने तोंडावरचे पाणी पुसले. "माले एकच पोर शे, बाई," तो म्हणाला. "ती आते घरच ऱ्हाई."

सगळे परतू लागले, तेव्हा आईच्या खांद्यावरून भागा हळूच म्हणाली, "बाई, आतमा गारा लायेल शे." घरट्याच्या आतून चिखल लावलेला होता. ते त्या पुस्तकात नव्हते.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईंनी सारे सुमनबाईंना स्वतःच सांगितले. नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली. चित्रांची पुस्तके कपाटात गेली आणि कपाटाची किल्ली सुमनबाईंकडे.

रविवारी दुपारी वच्छलाबाई मेहरूणला गेल्या. हाकलून देतील, ही धास्ती वाटभर होती. दारात त्यांनी एवढेच विचारले, की तास दोन तास इथेच बसून भागाला शिकवलं तर चालेल का. भिकुबाईने नवऱ्याकडे पाहिले. झुलालने कोपऱ्यातले गोणपाट आणून झटकले, ओट्यावर अंथरले. मग तो ओट्याच्या खालच्या पायरीवर, त्यांच्याकडे पाठ करून, शेताकडे, विहिरीकडे जाणारी वाट अडवून बसला. आणि शिकवणे संपेपर्यंत तिथून हलला नाही.