कडा कापलेलं पुस्तक

बायंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणायचे, आणि पाठ वळली की दाभण. तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं. दाभण बोथट असेल तर पुस्तक शिवलं जात नाही. चौतीस वर्षं तिनं पुस्तकं शिवली. वाचलं मात्र एकही नाही. सही आणि आकडे, एवढ्यावर तिची शाळा संपली होती. पण पुस्तक हातात घेतलं की ते किती वर्षं टिकेल हे ती डोळे मिटून सांगायची.

घरात आता शिकत होती ती सून. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लोकांच्या सुना मांडीवर पोर घेतात, आमचीनं सांगाडा घेतलाय, असं मावशी चारचौघींत म्हणायची. दुसरं कुणी तसं म्हटलं तर मात्र त्या बाईची धडगत नसे.

नर्सिंगची पुस्तकं विकत घेणं म्हणजे हत्ती पोसणं. म्हणून कॉलेजजवळच्या दुकानातून सून ती वर्षभरासाठी भाड्यानं आणायची. पहिल्या वर्षी एकदाच मोठं डिपॉझिट भरलं होतं. वर्ष संपलं की पुस्तकं धड परत करायची आणि त्याच डिपॉझिटवर पुढची उचलायची. ते गेलं की तिसऱ्या वर्षाची पुस्तकं नाहीत, इतका सरळ मामला.

आणि नेमकं परत करायच्या तोंडावर रोगांचं जाड पुस्तक मधोमध उकललं. दोरे तुटून पानं लोंबायला लागली. सून म्हणाली, चिकटपट्टी लावते.

"माझ्या घरातून चिकटपट्टीचं पुस्तक बाहेर जाणार? मग चौतीस वर्षं मी काय माशा मारल्या?"

"दुकानात एकदा विचारते, आई."

"माशाला पोहायला दुकानदार शिकवणार होय? तू जा ड्युटीवर."

सून गेली. सासूपुढे ती दोन वाक्यांच्या पुढे जात नसे. तिसरं मावशीचंच असायचं.

मावशीनं जुना पुठ्ठा काढला. पाठीवर ओलं फडकं ठेवून वाळलेला सरस नरम केला, खरवडला. सोळा सोळा पानांचा एकेक फर्मा सुटा करून नव्या दोऱ्यानं शिवला, सरस लावला आणि पाटाखाली दाबून वर पिठाचा डबा ठेवला. तिसऱ्या दिवशी ते घेऊन जुन्या कारखान्यात गेली. शिवताना पानं थोडी पुढंमागं होतातच, आणि वेड्यावाकड्या कडा म्हणजे बायंडरची बेअब्रू. मशीनला लावून तिनं तिन्ही बाजू सुतासारख्या सरळ कापल्या. कडांवर जांभळ्या शाईचे कसले तरी डाग होते, तेही गेले. मालकानं ओळखीखातर नवा पुठ्ठा आणि कापड फुकट दिलं. जुना पुठ्ठा कातरणांबरोबर पोत्यात गेला.

पुस्तक असं उतरलं की नव्यानं लाजावं. संध्याकाळी सुनेनं ते हातात घेतलं, पांढऱ्याशुभ्र कडांवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक पालथं करून पाहिलं. पोरगी चाट पडली, असं मावशीला वाटलं. मग जेवणं होईपर्यंत मावशी सरसाबद्दल आणि दोऱ्याबद्दल सांगत राहिली.

परत करायच्या दिवशी ती मुद्दाम बरोबर गेली. कौतुक झालं तर ऐकायला माणूस नको का.

दुकानातल्या पिकल्या मिशांच्या माणसानं बाकीची पुस्तकं भराभर जमा केली. हे पुस्तक मात्र तिन्ही बाजूंनी फिरवलं, आणि पुन्हा फिरवलं. नंबर कुठाय, त्यानं विचारलं. कडेवर होता, सून खालच्या आवाजात म्हणाली. आईंनी शिवून दिलंय.

त्यानं समजावून सांगितलं. नंबराचा जांभळा शिक्का मुद्दामच कडेवर मारतात. आतलं पान कुणीही फाडेल; कडा कोण कापणार? दुसरा नंबर पुठ्ठ्याच्या मागं असतो. तो आहे का?

कारखान्यातलं पोतं परवाच लगद्याला गेलं होतं.

मग मावशीचा पट्टा सुटला. डोळे की कवड्या इथपासून सुरू झाला तो दुकानाच्या मालकाच्या दानतीपर्यंत गेला. माणूस ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्यानं पुस्तक मधे उघडलं, एक पान ओढून पाहिलं. हललं नाही.

"काम फार सुरेख आहे, मावशी. आमच्याकडं नवं येतं तेही असं नसतं. पण लोक पुस्तकं बदलून आणतात, म्हणून नंबराशिवाय घ्यायचं नाही असा नियम आहे. मला 'हरवलं' असंच लिहावं लागेल. डिपॉझिट त्यात जाईल."

"हरवलं? तुमच्या हातात आहे ते."

"हो," तो म्हणाला. "आहे."

भांडणाऱ्याला तिनं आजवर लोळवला होता, घासाघीस करणाऱ्याला नमवला होता. पण हो म्हणणाऱ्याला टोचायचं कुठं? जन्मात कुणापुढं जोडले नव्हते ते हात तिनं जोडले. त्यानंच ते हळूच खाली घेतले आणि पावतीवर लिहायला लागला.

रस्त्यावर सून पुस्तक छातीशी धरून चालत होती. मावशी तिच्याकडं वळली.

"बोल की. तुझ्या जागी मी असते तर सासूला उभी चिरली असती."

"मैत्रीण तिचं तिसऱ्या वर्षाचं पुस्तक दर रविवारी देईल. त्यातून उतरवून घेईन. विचारून ठेवलंय तिला."

"कधी विचारलंस?"

"कडा बघितल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मावशीनं बोटांवर दिवस मोजले. तेव्हा पोतं अजून कारखान्यातच होतं. पुठ्ठा त्यात होता.

"मग त्याच संध्याकाळी का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलत होतात, आई," सून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मावशीनं विचारलं, किती पानं उतरवायची. आठशे, सून म्हणाली. म्हणजे पन्नास फर्मे. शिवायला तिला दीड दिवस पुरला असता. निम्मी मी लिहून देते, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले. लाखो पानं या बोटांखालून गेली होती. त्यातलं एक अक्षर तिला सुनेला देता येत नव्हतं.

ती मागं पडलेली पाहून सून थांबली. दमलात का, तिनं विचारलं.

"चप्पल चावते," मावशी म्हणाली.