चोरगाठ

छापखान्यात माझं काम मुद्रितं तपासायचं. त्या आठवड्यात टेबलावर देशाच्या नव्या घटनेचा मसुदा होता आणि छातीशी, झोळीत, पाच महिन्यांची लेक. झोळी सासूबाईंनी शिवलेली. खांद्यामागे अस्तराच्या आत त्यांनी एक गाठ दडवली होती. वरची सुटली तरी ही धरून ठेवणार. त्या तिला चोरगाठ म्हणत. मी ती दर तासाला चाचपायचे.

सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानात तश्शाच झोळ्या टांगलेल्या. मागे मीच कौतुकाने दुकानदाराला आमची झोळी दाखवली होती. अस्तरात बोटं घालून पाहिलं. चोरगाठ नव्हती.

घरी आल्या आल्या सासूबाईंपुढे मसुदा उघडला. "हे बघा, कलम एकेचाळीस. निर्मात्यांच्या बौद्धिक संपत्तीचं रक्षण राज्य करील. शुक्रवारपर्यंत सूचना घेतायत. पाठवू या."

"बौद्धिक म्हणजे?"

"डोक्यातून निघालेलं."

"मग माझं नव्हे ते. माझं हातातून निघतं. डोक्याला विचारलं तर ते उलट मलाच विचारतं."

"आई, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तुमची झोळी चोरलीय, फक्त चोरगाठ नाही घातली."

"चोरी तरी धड करावी. चोरगाठच विसरला मेला." त्या हसल्या, मग एकदम माझ्याकडे वळल्या. "विकल्या किती?"

"दहा-बारा तरी."

त्यांनी सुईदोरा पिशवीत टाकला, चपला घातल्या. मी मागे धावले. "अहो, गाठ दाखवलीत तर आपल्याकडे उरलं काय?"

"आणि एखादं पोर पडलं तर? तुझं कलम झेलणार आहे का त्याला?"

दुकानदार आधी ऐकेना. "काकू, डिझाइन काय कोणाच्या बापाचं असतं?"

"बापाचं नाही, हिच्या सासूचं आहे. एक झोळी काढ इकडे."

त्यांनी वरची गाठ सोडली. आत ठेवलेला साखरेचा पुडा धपकन जमिनीवर. दुकानदाराचा चेहराच उतरला. मग त्यांनी त्याला चोरगाठ शिकवली, तीनदा चुकला तरी.

"विकलेल्या परत मागव, मी घालून देते. गाठ फुकट घे. पण पाटीवर लिही, झोळी कोणाची ते."

तो लगेच फोन लावायला बसला.

शुक्रवारी त्यांच्या वतीने मी सूचनेचा कागद भरला. 'बौद्धिक' या शब्दापुढे 'व हस्तकौशल्याच्या' असं घालावं. खाली त्यांच्या व्यवसायाच्या रकान्यात हात सवयीने 'गृहिणी' लिहून गेला.

सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढला. "मुद्रितं तपासतेस ना? मग हेही तपास."

मी ते खोडून 'शिंपीण' लिहिलं.